'मॉम अँड डॅड'ची ब्लू-रे: काही महिन्यांच्या वापरानंतर

'मॉम अँड डॅड' हा १९४५ चा अमेरिकन सिनेमा. त्याच्या डिस्कबद्दलचा राग आधी काढून घेतो. डिस्क रीजन ए, आपल्याकडचे प्लेअर रीजन सी, म्हणजे ती इथल्या प्लेअरवर चालतच नाही. विक्रेत्याच्या पानावर याचा उल्लेख नव्हता आणि त्याने डिस्क परतही घेतली नाही. शेवटी मल्टिरीजन प्लेअर घ्यावा लागला, तोही डिस्कपेक्षा कितीतरी महाग. पैसे वसूल करायचे म्हणून सिनेमा पुन्हा पुन्हा पाहिला.

कथा ठाऊक असेलच. जोन वैमानिकाच्या प्रेमात पडते, तो अपघातात जातो आणि तिला दिवस गेलेले असतात. विल्यम बोडीनचं दिग्दर्शन कामचलाऊ, नाचगाण्यांचा भरणा फार. पहिल्यांदा पाहिला तेव्हा दोन स्टार दिले होते.

मत बदललं ते एका प्रसंगामुळे. जोन आईकडे लैंगिक आरोग्याचं पुस्तक मागते. लग्न झालेलं नाही म्हणून आई नाही म्हणते. १९४५ साली ओक्लाहोमा सिटीत पहिला खेळ लावणाऱ्या निर्मात्या क्रोगर बॅबचा सगळा धंदा या नकारावर उभा होता. दुपारी २ आणि संध्याकाळी ७ ला फक्त बायका, रात्री ९ ला फक्त पुरुष. मध्येच सिनेमा थांबे, 'एलियट फोर्ब्स' हे आरोग्यतज्ज्ञ भाषण देत आणि नर्सच्या वेशातल्या बायका रांगारांगांतून पुस्तिका विकत. फोर्ब्स नावाचा कुणी नव्हताच. एकाच वेळी अनेक गावांत अनेक माणसं हे नाव लावून बोलत. सुमारे ८ सेंटात छापलेली पुस्तिका १ डॉलरपर्यंत विकली जाई. पटकथा मिल्ड्रेड हॉर्नची, पुस्तिकाही तिच्याच. म्हणजे आईने नाकारलेलं पुस्तक प्रेक्षकाच्या हातात, रोख पैसे मोजून!

याची मला खरोखर चीड येते. त्याच काळात मुंबईत र. धों. कर्वे पदरमोड करून 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक शिक्षणाचं मासिक चालवत होते आणि अश्लीलतेचे खटले सोसत होते. लोकांची गरज दोन्हीकडे तीच. बॅबने मात्र तिच्यावर गल्ला भरला.

तरीही प्रसूतीची दृश्यं खरी आहेत, सिझेरियनचंही. घरात कुणीच काही न सांगितलेल्या मुलींना निदान एवढं तरी दिसलं. १९५६ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयानेही मूल जन्मण्याचं दृश्य अश्लील नाही असं ठरवलं आणि तिथल्या सेन्सॉरची बंदी उठली. गुप्तरोगांचा भाग मात्र निव्वळ घाबरवण्यासाठी आहे, तो मी आता फास्ट फॉरवर्ड करतो.

दोनाचे चार स्टार केलेत. मल्टिरीजन प्लेअर घरात असेल तर जरूर घ्या. नसेल तर फक्त या डिस्कसाठी तो खर्च करू नका.