ल्यूटवर फिशिंग लाइन : आठ-नऊ महिने वाजवल्यावर

निकाल आधीच सांगून टाकते. ल्यूट हे छेडून वाजवायचं जुनं युरोपीय तंतुवाद्य, त्याच्या बहुतेक तारा दोन-दोनच्या जोडीने असतात. त्यातल्या मधल्या जोड्यांना फ्लुओरोकार्बन या प्लॅस्टिकची फिशिंग लाइन फार छान चालते. सगळ्यात वरच्या एकट्या तारेला साधं नायलॉनचं तंगूस बरं. खर्जाच्या जाड तारांसाठी मात्र या दोन्हींच्या नादी लागू नये, तिथे पैसे मोजून तयार तारच आणावी. गेले आठ-नऊ महिने जवळपास रोज वाजवून हे मत पक्कं झालंय.

माझं ल्यूट सात जोड्यांचं, सन १६०० च्या सुमाराचा इंग्रज ल्यूटवादक-रचनाकार जॉन डाऊलंड याच्या पिढीचं संगीत ज्यावर वाजतं तसं. पहिली तार एकटी आणि खाली सहा जोड्या, म्हणजे एकूण १३ तारा. घोडीपासून मेरूपर्यंत, म्हणजे तारेचा वाजणारा भाग, ६० सेंमी. या वाद्यांना मुळात मेंढीच्या आतड्याची तात असायची. आपल्या सारंगीच्या तीन मुख्य तारा आजही तातीच्याच असतात. तातीचा आवाज मला सगळ्यात प्रिय आहे, तेव्हा हे वाचून कुणी तात काढून टाकावी असं मुळीच वाटत नाही. पण मी राहते नेदरलँड्समध्ये. बाहेर सदा ओल, हिवाळ्यात घरात हीटरची कोरडी हवा, त्यात तात चढते-उतरते आणि वरच्या तारेचे धागे सुटायला लागतात. तेरा तारांचा संच वारंवार बदलणं खिशाला परवडत नाही. म्हणून रोजच्या रियाझासाठी हा मार्ग धरला.

कोळ्यांना आणि गळ टाकणाऱ्यांना फ्लुओरोकार्बन आवडतं कारण ते पाण्यात कमी दिसतं. पाण्याचा वक्रीभवनांक (प्रकाश किती वळतो तो आकडा) १.३३, याचा त्याच्या जवळचा १.४२, नायलॉनचा १.५३ च्या आसपास. आपल्या कामाचा गुण वेगळा आहे : वजन. पाण्याची घनता १ धरली तर नायलॉनची साधारण १.१४, तातीची १.३, फ्लुओरोकार्बनची १.७८. म्हणजे तोच स्वर आणि तोच ताण हवा असेल तर फ्लुओरोकार्बनची तार बरीच बारीक चालते. माझ्या तिसऱ्या जोडीला (२२० हर्ट्झ) ३ किलो ताण हवा तर नायलॉन जवळजवळ ०.६९ मिमी लागतं, तात ०.६४, आणि फ्लुओरोकार्बन फक्त ०.५५. जाड नायलॉन त्या जागी बसकं वाजतं, गोधडीआडून बोलल्यासारखं. गिटार वाजवणाऱ्यांना नायलॉनच्या तिसऱ्या तारेची हीच तक्रार माहीत असेल. बारीक तारेचा स्वर उघडा होतो, आणि दुसऱ्या जोडीवरून तिसरीवर उतरणारी तान एकाच गळ्यातून आल्यासारखी वाटते. माझ्या दृष्टीने या सगळ्या खटाटोपाचं खरं फळ हेच.

इथे एक सावधगिरी फार महत्त्वाची. नायलॉन काढून त्याच जाडीचं फ्लुओरोकार्बन लावलं तर ताण दीडपटीहून जास्त वाढतो. ल्यूटची तबली, म्हणजे वरची लाकडी पाटी, दीड-दोन मिमी जाडीची असते आणि घोडी तिच्यावर नुसती चिकटवलेली. घोडी उखडली तर कारागिराकडे जाण्यावाचून गत्यंतर नाही. आधी हिशोब करा, मग तार चढवा. सूत्र सोपं आहे : कंपनसंख्या, तारेची लांबी आणि जाडी यांचा गुणाकार करायचा, त्याचा वर्ग करायचा, आणि त्याला घनतेने व पायने गुणायचं. सगळं मीटर आणि किलोमध्ये धरलं (घनता १.७८ असेल तर १७८०) की ताण न्यूटनमध्ये मिळतो, ९.८ ने भागला की किलो. एका जोडीच्या दोन तारा एकाच रिळातल्या घ्याव्यात.

दुकानात रिळावर काय लिहिलंय यावर अर्धं यश अवलंबून आहे. इथे युरोपात जाडी मिलिमीटरमध्ये छापतात. जपानी लाइनला नंबर असतात : १ नंबर म्हणजे ०.१६५ मिमी, आणि पुढे जाडी नंबराच्या वर्गमुळाने वाढते, म्हणून ४ नंबर ०.३३ आणि १६ नंबर ०.६६. नुसते पौंड लिहिलेले असतील तर ते तुटण्याचं वजन, त्यावरून जाडी कळत नाही. जाडी मोजायचा मायक्रोमीटर घ्याच. छापलेल्या आणि मोजलेल्या जाडीत फरक सापडतो, आणि लागू पडते ती मोजलेली.

दुसरी फसगत म्हणजे वरून फ्लुओरोकार्बनचा मुलामा आणि आत नायलॉन. यावर स्वयंपाकघरातला उपाय आहे. पेलाभर पाण्यात मीठ विरघळेनासं होईपर्यंत ढवळायचं. त्या पाण्याची घनता १.२ च्या आसपास जाते. लाइनचा तुकडा बोटाने दाबून आत बुडवायचा, अंगावरचे बुडबुडे झटकायचे आणि सोडायचा. नायलॉन वर येतं, खरं फ्लुओरोकार्बन तळ गाठतं. विणलेली लाइन मात्र पाहूही नका, ती वाद्याच्या कामाची नाही.

तार धड आहे का हे लावण्याआधी बघता येतं. दोन हातांत घोडी-मेरू इतक्या अंतरावर ताणायची आणि छेडायची. चांगली असेल तर कंपनाच्या दोन स्वच्छ कडा दिसतात. खोटी असेल तर मध्ये तिसरी धूसर रेघ थरथरते. ल्यूट शिकवणाऱ्या जुन्या पुस्तकांत तातीसाठी हीच परीक्षा सांगितली आहे आणि प्लॅस्टिकलाही ती तंतोतंत लागू पडते. फिशिंग लाइन संगीतासाठी केलेली नसते, तेव्हा रिळातला काही भाग खोटा निघणारच. पण ५० मीटरच्या रिळातून चाळीसेक तारा निघतात आणि रिळाची किंमत दोन-तीन तयार तारांइतकी, त्यामुळे निवडून टाकायला हात आखडत नाही.

आता उणं काय ते. पहिल्या तारेवर फ्लुओरोकार्बन मला पटलं नाही. तिथे ०.३३ लागते, ती बोटाला कापते आणि आवाज टोचरा येतो. शिवाय तार कोणत्या स्वराला तुटेल हे जाडीवर नसतं, पदार्थाची ताकद आणि त्याचं वजन यांच्या प्रमाणावर असतं. जड पदार्थ इथे तोट्यात जातो. ०.४२ चं नायलॉन ३९२ हर्ट्झला साडेतीन किलोंवर निवांत उभं राहतं. नायलॉन ओल शोषतं, पावसाळी दिवशी ते पुन्हा पुन्हा जुळवावं लागतं, एवढंच. फ्लुओरोकार्बन पाणी जवळजवळ पीतच नाही, पण गार खोलीतून उबदार खोलीत नेल्यावर तेही हलतं. नवीन तार स्थिरावायला काही दिवस जातात, तोवर धीर धरावा.

माझ्या ल्यूटच्या दांडीवरचे पडदे, म्हणजे स्वरांच्या जागा दाखवणारे आडवे वेढे, तातीचे, बांधलेले आहेत. फ्लुओरोकार्बन कठीण असल्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या पडद्यावर खाचा लवकर पडतात. पडदे पूर्वीपेक्षा जास्त वेळा बदलावे लागतायत. ही तार गुळगुळीतही असते, म्हणून घोडीला बांधताना एक वेढा जास्त द्या आणि खुंटीच्या भोकातून ती दोनदा काढा. मेरूच्या खाचेत पेन्सिलीचं शिसं घासलं की तार अडकत नाही. नायलॉनचं टोक लायटरने वितळवून गाठोडं करायची अनेकांना सवय असते. फ्लुओरोकार्बनला ते कधीही करू नका : जळताना हायड्रोजन फ्लुओराइड हा विषारी वायू सुटतो. कापलेले तुकडे बाहेर टाकू नका, पक्ष्यांच्या पायांत अडकतात आणि ते कुजत नाहीत.

सध्या वाद्यावर असं आहे : पहिली ०.४२ नायलॉन, दुसरी जोडी ०.४०, तिसरी ०.५७, चौथी ०.७० फ्लुओरोकार्बन. सहाव्या जोडीतली वरच्या सप्तकाची तार ०.६२ फ्लुओरोकार्बन, तिची जोडीदार आणि सातवीची जाड तार तांबं गुंडाळलेल्या, तयार आणलेल्या. पाचवीला ०.९० लावली आहे. ही जाडी इथे सहज मिळते, कारण कालव्यांतल्या पाइक माशाच्या दातांना बारीक लाइन पुरत नाही. मोकळी छेडली तर ठीक, पण वरच्या पडद्यांवर स्वर चढा लागतो. इतकी जाड तार वाकायला कडक पडते. हिशोबात ताण बरोबर असला तरी कानाला ते खपत नाही. त्या एका जोडीला पुढच्या वेळी पुन्हा तात लावणार आहे.