कोंबुचाला गोडाची चव: बाटलीत की पेल्यात?

साधा कोंबुचा (गोड चहा आंबवून केलेलं फसफसतं पेय) घरी नीट जमायला लागला की त्याला जेवणानंतरच्या गोडाची चव द्यावीशी वाटतेच. व्हॅनिला-दालचिनी, ॲपल पाय, चेरी-चॉकलेट. मग प्रश्न पडतो: हा स्वाद दुसऱ्या फेरीत, म्हणजे तयार कोंबुचा बंद बाटलीत पुन्हा आंबवताना, बाटलीतच घालून मुरवायचा, की पिताना पेल्यात मिसळायचा? मी बराच काळ बाटलीतच सगळं घालत आलो. आता बहुतेक वेळा पेल्याकडे वळतो.

वासाच्या बाबतीत बाटली सरस, हे आधीच मान्य करतो. व्हॅनिलाची चिरलेली शेंग आणि दालचिनीचा बोटभर तुकडा तीन दिवस आत राहिला की वास चहात पार मुरून जातो. (दालचिनी अख्खीच घ्यावी. पूड घातली तर घोट बुळबुळीत लागतो, शिवाय बारीक कणांमुळे बूच काढताच फेस उसळतो. कोको पावडरचंही तेच.)

माझं घोडं अडलं ते गोडीपाशी. गोडाचा आभास निम्मा साखरेवर उभा असतो आणि बाटलीतली साखर आपण पिईपर्यंत थांबत नाही. यीस्ट ती खाऊन वायू आणि थोडं अल्कोहोल तयार करतं. बूच घट्ट असल्यामुळे आंबटपणा फारसा वाढत नसेलही, पण गोडी ओसरली की मुळात असलेला आंबटपणा उघडा पडतो. सफरचंदाच्या फोडी आणि दालचिनी घातलेली माझी एक बाटली दुसऱ्या दिवशी अगदी मनासारखी लागली होती. चौथ्या दिवशी तीच दालचिनीच्या वासाचं व्हिनेगर वाटली. पुढच्या वेळी साखर वाढवली, तर बूच काढताच निम्मा कोंबुचा ओट्यावर. साखर वाढवावी तर दाब वाढतो, बेताची ठेवावी तर गोडी उरत नाही. फ्रिजमध्ये हे सगळं मंदावतं, पण पूर्ण थांबत नाही. शिवाय बाटली नेमकी कधी आत ठेवायची, तो दिवस उन्हाळ्यात एक आणि थंडीत दुसराच.

पेल्यात हा हिशेब माझ्या हातात राहतो. दालचिनी घालून उकळलेला साखरेचा दाट पाक गार करून ठेवतो. पेल्याच्या तळाशी चमचाभर पाक, त्यावर थंड कोंबुचा कडेने हळूच ओतायचा आणि एकदाच ढवळायचं. जास्त ढवळलं की फसफस निघून जाते. वास बाटलीइतका खोल येत नाही, हे खरं. पण गोडी पहिल्या पेल्याला असते तेवढीच आठवड्यानंतरच्या पेल्यालाही मिळते आणि ज्याला कमी गोड हवं त्याला कमी देता येतं. वर आइस्क्रीमचा गोळा सोडायचा मोह मात्र आवरावा. कोंबुचाच्या आंबटपणाने दूध फाटतं आणि पांढरे कण तरंगत राहतात.

बाटली दोन दिवसांत रिकामी होत असेल तर माझी तक्रार तुम्हाला कदाचित जाणवणारही नाही. तिथे बाटलीतच मुरवावं. माझ्याकडे ती आठ-दहा दिवस पुरते, म्हणून गोडी पेल्यात. व्हॅनिलाची शेंग तेवढी मी अजून बाटलीतच टाकतो: तिच्यातून बाटलीत साखर नावालाच उतरते, पण तिच्या वासानेच जिभेला गोड वाटतं, आणि पाक अर्धा चमचा कमी लागतो.