‘जमतं’ या उत्तरानंतर: ट्रायब्युनलच्या प्रशिक्षणाचा आठ महिन्यांचा अनुभव

मी इंग्लंडमध्ये डॉक्टर आहे. सामाजिक सुरक्षेची अपिलं ऐकणाऱ्या फर्स्ट-टियर ट्रायब्युनलची वैद्यकीय सदस्य होऊन आठ महिने झाले. बेरोजगारांना, तसंच आजारपणामुळे काम न जमणाऱ्यांना इथे युनिव्हर्सल क्रेडिट हा सरकारी भत्ता मिळतो. कामाच्या क्षमतेवरून वाद झाला की अपील आमच्यापुढे येतं आणि एक न्यायाधीश व एक डॉक्टर ते ऐकतात. त्यासाठी घेतलेलं प्रशिक्षण प्रत्यक्षात किती कामी आलं, ते लिहिते.

सगळ्यात उपयोगी पडला तो प्रश्न विचारायचा सराव. एक नट अपीलकर्ता झाला होता. मी विचारलं, "200 मीटर चालता येतं?" तो म्हणाला, "जमतं." मी टिपून घेतलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. प्रशिक्षकांनी तिथेच थांबवलं: "कसं जमतं, ते विचारा." विचारल्यावर कळलं, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाताना तो दोनदा भिंतीला टेकतो आणि घरी आल्यावर दुपारपर्यंत त्याला उठवत नाही. नियमाला हवं असतं न थांबता चालणं, आणि वाजवी वेळात पुन्हा पुन्हा चालता येणं. तसं 50 मीटरच्या पुढे जाता येत नसेल तर थेट 15 गुण, म्हणजे क्षमता मर्यादित ठरायला पुरेसे. 200 मीटरला फक्त 6. एका ‘जमतं’वर मी त्या माणसाचं अपील घालवलं असतं. माझी आईही गुडघा दाबत "बरं चाललंय" म्हणायची, तरी मला हे शिकावं लागलं. आता मी म्हणते, "काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंत, सांगा."

जड गेली ती तारखेची अट. 1998च्या सोशल सिक्युरिटी ॲक्टप्रमाणे मूळ निर्णय झाला त्या वेळची परिस्थितीच बघायची. समोरचा माणूस त्यानंतर खचलेला असतो, आणि डॉक्टरचं लक्ष आजच्या दुखण्याकडेच जातं. शिकवल्याप्रमाणे मी कागदावर सगळ्यात वर ती तारीख लिहिते. समोरच्याला ती अट समजावताना मात्र अजून पोटात तुटतं.

दुभाष्याबरोबरचा सराव अपुरा वाटला. मला हिंदी कळतं, गुजरातीही बऱ्यापैकी. तरी भाषांतर पूर्ण होईपर्यंत गप्प बसायचं, हे मी सुनावणीतच शिकले. अपीलकर्ता चार वाक्यं बोलला आणि भाषांतर एकाच वाक्यात आलं, तर काय करायचं? यावर अर्धा दिवस तरी द्यायला हवा होता.

इथल्या कोणा मराठी डॉक्टरला अर्ज करायचा असेल, तर जरूर करा. त्याआधी एखादी सुनावणी मागे बसून बघा. बहुतेक सुनावण्या खुल्या असतात.