सिव्हिल पार्टनरशिप संपवताना: दोघांचे दोन सॉलिसिटर की एक मीडिएटर?

इंग्लंड-वेल्समध्ये 6 एप्रिल 2022 पासून सिव्हिल पार्टनरशिप, म्हणजे लग्नासारखंच कायद्याने नोंदवलेलं नातं, संपवायला कुणाचा दोष सिद्ध करावा लागत नाही. अर्ज दोघांना मिळूनही करता येतो. 20 आठवडे थांबा, कंडिशनल ऑर्डर (कोर्टाची पहिली मंजुरी) घ्या, आणखी 6 आठवड्यांनी फायनल ऑर्डर, की नातं कायद्याने संपलं. दोघं राजी असतील तर एवढ्यासाठी वकील लागतो असं मला वाटत नाही. मी आणि माझ्या जोडीदाराने तो अर्ज एका रविवारी दुपारी स्वयंपाकघरात बसून भरला.

वकील लागतो तो घर, बचत आणि पेन्शनसाठी. नातं कायद्याने संपलं तरी एकमेकांवरचे आर्थिक हक्क आपोआप संपत नाहीत. घटस्फोटानंतर जवळपास दोन दशकांनी केलेला दावाही इथल्या सुप्रीम कोर्टाने 2015 मध्ये पुढे चालू दिला होता. त्यामुळे कन्सेंट ऑर्डर, म्हणजे पैशांबद्दल दोघांनी ठरवलेलं पक्कं करणारा कोर्टाचा आदेश, हवीच. तिथवर पोचायच्या दोन्ही वाटा मी चालून पाहिल्या.

आधी दोघांनी आपापले सॉलिसिटर, म्हणजे वकील, घेतले. माझ्या सॉलिसिटर बाई हुशार होत्या, पेन्शनबद्दल त्यांनी सांगितलेलं पुढे फार उपयोगी पडलं. पण कामाचा हिशोब सहा-सहा मिनिटांचा. पहिल्याच बिलात एक ओळ होती: ई-मेल वाचला, 6 मिनिटं. तो ई-मेल म्हणजे मी लिहिलेलं 'कागद मिळाले, आभार', बस. त्या दिवसापासून मी प्रश्न विचारायलाच बिचकू लागलो. रात्री काही सुचलं की चिठ्ठीवर टिपायचं आणि आठवडाभराचं एकदम पाठवायचं. आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट चालू असताना आपल्याच वकिलाशी बोलायला जीव कचरावा, हे मला फार लागलं.

त्यातच वाईजवळच्या जमिनीचा विषय निघाला. परदेशातली मालमत्ताही जाहीर करावी लागते, म्हणून मी सातबारा जोडला. त्यावर माझ्यासकट नऊ नावं. समोरून पत्र आलं: तुमच्या हिश्श्याची किंमत कळवा. आमचं उत्तर गेलं, त्यावर पुन्हा पत्र. दीड महिना असाच गेला, दोन्हीकडची बिलं वाढली आणि किंमत काही ठरली नाही.

मग आम्ही मीडिएटरकडे, म्हणजे दोघांना समोरासमोर बसवून तोडगा काढायला मदत करणाऱ्या मध्यस्थाकडे, गेलो. तिथे मी जोडीदारालाच समोर बसून सांगितलं की वाटण्या झालेल्या नाहीत, काका-आत्यांच्या सह्यांशिवाय मला एक गुंठाही विकता येणार नाही. तो त्या शेतावर दोन दिवाळ्यांना येऊन गेला होता, विहिरीपाशी माझ्या आजीसोबत बसला होता. म्हणाला, "त्या जमिनीतलं मला काही नको." दहा मिनिटांत विषय संपला, आणि मला रडू आलं.

मीडिएशन सगळ्यांना जमेल असं नाही. समोरचा पैसे लपवत असेल, धाक-मारहाण झाली असेल, तर थेट सॉलिसिटर गाठा. तिथे सहा मिनिटांचा विचारसुद्धा करू नका. शिवाय मीडिएटर कुणा एकाला सल्ला देत नाही, आणि तिथे ठरलेलं कायद्याने बांधूनही घालत नाही. पेन्शनची वाटणी तर कोर्टाच्या ऑर्डरशिवाय होतच नाही. म्हणून शेवटी आम्ही ठरलेल्या फीमध्ये कन्सेंट ऑर्डरचा मसुदा करून देणारा सॉलिसिटर घेतला. तो खर्च आधीच माहीत होता, त्यामुळे मी त्याला मोकळेपणाने प्रश्न विचारले. तुमचा व्यवहार फार गुंतागुंतीचा नसेल तर मीडिएटर आणि असा एक सॉलिसिटर एवढं बहुधा पुरेल.

एक मात्र सांभाळा. 6 आठवडे झाले म्हणून फायनल ऑर्डरची घाई करू नका. ती झाली की पेन्शनमधले जोडीदाराचे हक्क जाऊ शकतात, आणि पैशांचं अजून कागदावर आलेलं नसतं. न्यायाधीशांनी कन्सेंट ऑर्डर मंजूर केल्याचा ई-मेल आला, तेव्हा मी जोडीदाराला फोन केला, आणि मगच आम्ही शेवटचा अर्ज पाठवला.