कप्पी, पोहरा आणि पाटा-वरवंटा : आठ महिन्यांच्या वापरानंतर

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर धडकले आणि वाडीतले माड व पोफळी विजेच्या तारांवर आडव्या झाल्याने आमच्या घरात पुढचे ३४ दिवस वीज नव्हती. पंप आणि मिक्सर दोन्ही बंद पडल्यावर यजमानांनी विहिरीवर जुनी लोखंडी कप्पी चढवली आणि सासूबाईंनी पडवीतला पाटा धुऊन घेतला. जुलैत वीज आली, पण या वस्तू पुन्हा अडगळीत गेल्या नाहीत.

कप्पीने पोहऱ्याचे ओझे कमी होत नाही. दोर वर ओढण्याऐवजी खाली ओढता येतो, त्यामुळे अंगाचे वजन कामी येते आणि कंबर वाचते. आमचा पोहरा ८ लिटरचा आहे. पूर्वी टाकी भरून वाहू लागली की पंप बंद करायचा, एवढेच आमचे पाण्याचे मोजमाप होते. हाताने पाणी काढू लागल्यावर मात्र पाच माणसांच्या पिण्याला, स्वयंपाकाला आणि भांड्यांना रोज नेमके किती पोहरे लागतात हे घरातल्या मुलांनाही ठाऊक झाले. कपडे आणि वाडीचे बहुतेक शिंपणे आजही पंपावरच होते आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. नायलॉनचा दोर मात्र घेऊ नये, कारण तो ओल्या हातातून सरकतो आणि तळवे सोलवटतो. काथ्याचा दोर पहिले काही दिवस पाण्याला तांबूस रंग देतो, नंतर उत्तम चालतो.

पाटा गुळगुळीत झाला असेल तर आधी त्याला टाकी लावून, म्हणजे छिन्नीने ठोकून, खडबडीत करून घ्यावा आणि त्यानंतर भिजवलेले तांदूळ दोन-तीनदा वाटून टाकून द्यावेत, नाहीतर आमटीत कच येते. मिक्सरची पाती फिरण्यासाठी पाणी घालावे लागते. पाट्यावर ओल्या खोबऱ्याचे वाटप जवळजवळ कोरडे, दाट होते आणि त्याची चव आम्हाला आता सोडवत नाही. मात्र दोन मिनिटांच्या कामाला पंधरा मिनिटे लागतात आणि गुडघे दुखणाऱ्याने या फंदात पडू नये. सासूबाई आता फक्त शेजारी बसून सांगतात, वाटते मी.

कंदील आम्ही ऑगस्टमध्येच बंद केला, कारण धुराने धाकट्याचे डोळे चुरचुरत. पण त्या ३४ दिवसांत दिवेलागणीला ओटीवर एकत्र जेवायची लागलेली सवय टिकली आहे.

वादळानंतर सासूबाईंनी केळींच्या सावलीत पोफळीची २५ रोपे लावली आहेत. पोफळ फळाला यायला पाच ते सात वर्षे लागतात. पंपाच्या धारेने रोपांच्या मुळांजवळची माती वाहून जाते, म्हणून रोज संध्याकाळी आम्ही प्रत्येक आळ्यात अर्धा पोहरा पाणी हाताने घालतो.