चार टीबीच्या डिस्कच्या पोटात मेमरी कार्ड: घरच्या टीव्ही सर्व्हरच्या नावाखाली झालेली फसवणूक

टीव्हीवरचे कार्यक्रम घरीच रेकॉर्ड करायचे आणि सवडीनं घरातल्या कुठल्याही पडद्यावर पाहायचे, यासाठी फार सामान लागत नाही. एक जुना छोटा पीसी, एक यूएसबी ट्यूनर (अँटेनावरचा टीव्हीचा सिग्नल पीसीला देणारं छोटं यंत्र) आणि एक मोठी डिस्क एवढ्यावर भागतं. सॉफ्टवेअर तर फुकटच आहे. ट्यूनर सांभाळायला आणि रेकॉर्डिंग लावायला टीव्हीहेडएंड, पाहायला जेलीफिन किंवा कोडी. पण सुटे भाग जमवून ते एकमेकांशी बोलते करायचे म्हणजे वेळ जातो, आणि नेमकी हीच अडचण हेरून "सगळं बसवून, चालू करून देतो" म्हणणारे विक्रेते ऑनलाइन दुकानं मांडून बसलेले आहेत. अशाच एकाकडून मी पूर्ण संच घेतला. पीसी अस्सल निघाला. ट्यूनर आणि डिस्क या दोन्ही वस्तू खोट्या होत्या, आणि एकीच्या खोटेपणामुळे दुसरीचा खोटेपणा झाकला जात होता. असाच संच घ्यायच्या विचारात कुणी असेल, तर हे आधी वाचा.

पीसीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. इंटेलचा सहाव्या पिढीचा, म्हणजे २०१५ च्या सुमाराचा प्रोसेसर आणि ८ जीबी रॅम. जाहिरातीत होतं तेच आत होतं. रेकॉर्डिंग दुसऱ्या रूपात बदलून फोनला पाठवण्याचं काम अशा प्रोसेसरमधलं क्विक सिंक, म्हणजे व्हिडिओसाठीचा खास भाग, आरामात करतं. माल आला की घेणारा आधी प्रोसेसर आणि रॅम तपासतो, हे विकणाऱ्यालाही ठाऊक असतं. तिथे तो कशाला खोटं बोलेल?

ट्यूनरच्या खोक्यावर ठळक अक्षरांत 'डीव्हीबी-टी२ एचडी' छापलं होतं. डीव्हीबी-टी ही अँटेनावर येणाऱ्या डिजिटल टीव्हीची जुनी पद्धत, टी२ ही नवी. वाहिन्या शोधायला लावल्या, तर डीव्हीबी-टी वरच्या सगळ्या एसडी, म्हणजे साध्या दर्जाच्या, वाहिन्या सापडल्या. टी२ वरची एकही एचडी वाहिनी नाही. विक्रेत्याचं उत्तर लगेच आलं: "सर, तुमच्या अँटेनाचा प्रॉब्लेम आहे. एचडीला सिग्नल जास्त लागतो." ऐकायला पटण्यासारखं. मग केबल बदलून बघा, मग ॲम्प्लिफायर लावून बघा, मग अँटेनाचं तोंड दुसऱ्या दिशेला करून बघा. प्रत्येक उत्तर गोड आणि प्रत्येक उत्तर आदल्यापेक्षा जरा उशिरा येणारं. इकडे माल परत करायची मुदत सरत होती, आणि त्या गोडव्याचा हेतू तोच होता.

खरं काय ते लिनक्सच्या दोन आज्ञांमध्ये कळलं. यूएसबीला जोडलेल्या वस्तूंची यादी देणारं एलएसयूएसबी चालवलं तर रिअलटेकचं 'आरटीएल२८३८ डीव्हीबी-टी' असं नाव दिसलं. डीमेसेजमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या नोंदींत, डिमॉड्युलेटर (सिग्नल उलगडणारी चिप) म्हणून फक्त आरटीएल२८३२ ची नोंद होती. ही चिप फक्त डीव्हीबी-टी समजते. टी२ मध्ये प्रसारणातल्या चुका दुरुस्त करायची पद्धतच निराळी, एलडीपीसी नावाची, आणि ती उलगडणारं सर्किट या चिपमध्ये नाहीच. अँटेना मनोऱ्यावर नेऊन बांधली असती तरी एचडी लागलं नसतं. याच चिपच्या कुटुंबातले टी२ चालणारे ट्यूनर असतात, पण त्यांत पॅनासॉनिकचा एमएन८८४७२ किंवा एमएन८८४७३ असा दुसरा डिमॉड्युलेटर जोडलेला असतो आणि डीमेसेजमध्ये त्याचं नाव येतं. नाव नसेल तर टी२ नाही.

हे पुराव्यासकट सांगितल्यावर विक्रेत्यानं जराही वाद घातला नाही. "चुकून दुसरा पॅक झाला असेल सर, नवा पाठवतो," असं फोनवर कबूल केलं. तेव्हा मला तो भला माणूस वाटला. नवा ट्यूनर येईपर्यंत मी एसडी वाहिन्याच रेकॉर्ड करत राहिलो, आणि त्याला हवं होतं ते नेमकं हेच.

आता इथे थोडं गणित आहे. एचडी वाहिनी साधारण ८ मेगाबिट दर सेकंदाला धरली, तर तासाला ३.६ जीबी होतात. एसडी वाहिनी ३ मेगाबिट धरली, तर तासाला जेमतेम १.३५ जीबी. संचातली डिस्क '४ टीबी पोर्टेबल एसएसडी' (फिरती तबकडी नसलेली, वेगवान डिस्क) म्हणून दिलेली होती; तिच्यात प्रत्यक्षात जागा होती १२८ जीबी. एचडीनं ती ३५ तासांत भरली असती आणि भांडं मुदतीच्या आत फुटलं असतं. एसडीनं भरायला सुमारे ९५ तासांचं रेकॉर्डिंग लागतं. तेवढं व्हायला वेळ लागला, आणि तोवर डिस्क अगदी शहाण्यासारखी वागत होती.

जागा संपल्यावर काय झालं, ते समजायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. अशा बनावट डिस्कच्या कंट्रोलरला, म्हणजे तिचा कारभार पाहणाऱ्या चिपला, खोटा आकार सांगायला शिकवलेलं असतं. खऱ्या जागेच्या पुढे काही लिहायला दिलं की तो "लिहिलं" म्हणतो आणि टाकून देतो. चूक नाही, इशारा नाही. फाइलींची नावं, तारखा, आकार सगळं जागच्या जागी दिसतं, कारण डिस्क एक्सफॅट या फाइली मांडायच्या पद्धतीत फॉरमॅट केलेली होती आणि एक्सफॅटचा हिशेब डिस्कच्या सुरुवातीला, म्हणजे खऱ्या जागेत राहतो. लिनक्सच्या सर्व्हरवर एक्सफॅट कशाला, असं मी घेतानाच विचारलं होतं. "विंडोजलाही लावता येईल सर," हे उत्तर मिळालं. लिनक्सची नेहमीची ईएक्सटी४ पद्धत वापरली असती, तर तिचा हिशेब डिस्कभर विखुरलेला असल्यानं बनाव फार लवकर उघडा पडला असता.

त्यावर आणखी एक पडदा होता. ताजं रेकॉर्डिंग लावलं की व्यवस्थित दिसायचं; दोन-चार नवी झाली, किंवा मशीन बंद करून चालू केलं, की तेच रेकॉर्डिंग चालेना. कारण ताजी फाइल डिस्कवरून नव्हे, तर रॅममधल्या कॅशमधून, म्हणजे तात्पुरत्या साठ्यातून, वाचली जात होती. टीव्हीहेडएंडमध्ये रेकॉर्डिंगच्या कॅशची एक सेटिंग असते. माझ्याकडे ती 'सिस्टिम'वर होती, म्हणजे लिहिलेला डेटा रॅममध्ये ठेवायचा की काढायचा हे लिनक्सनं ठरवायचं. एसडीची तीन-चार तासांची रेकॉर्डिंगं ८ जीबी रॅममध्ये सहज मावतात. विक्रेत्यानं ती सेटिंग मुद्दाम तशी ठेवली होती का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. फायदा मात्र त्यालाच झाला.

टीव्हीहेडएंडच्या यादीत प्रत्येक रेकॉर्डिंगपुढे डेटातल्या चुकांचा आकडा येतो. बिघडलेल्या फाइलींपुढे तो शून्य होता, म्हणजे सिग्नल स्वच्छ आला होता. मग फाइलच हेक्समध्ये, म्हणजे बाइटांच्या कच्च्या आकड्यांत, उघडून पाहिली. टीव्ही रेकॉर्डिंगच्या टीएस फाइलमध्ये दर १८८ बाइटांनी ४७ हा हेक्स आकडा यावाच लागतो. इथे सुरुवातीपासून शेवटापर्यंत नुसती शून्यं.

त्यानंतर डिस्कची खरी जागा तपासणारं एफ३ चालवलं. एफ३राइट डिस्कभर एकेक जीबीच्या फाइली लिहितं आणि एफ३रीड त्या परत वाचून पडताळतं. विंडोजवर हेच काम एच२टेस्टडब्ल्यू करतं. निकाल: सुमारे ११९ जीबी ठीक, बाकी सगळं हरवलेलं. १२८ जीबीच्या कार्डाचा १०२४ च्या हिशेबानं एवढाच आकडा येतो. पूर्ण चाचणीला धीर लागतो. सेकंदाला २० एमबी वेगानं ४ टीबी लिहायला ५५ तासांच्या वर जातात, आणि माझी 'एसएसडी' यूएसबीच्या जुन्या ४८० मेगाबिटच्या वेगावरच जोडली जात होती. एलएसयूएसबीला टी जोडून चालवलं की हा वेग दिसतो. खऱ्या एसएसडीच्या बाबतीत तिथे किमान ५००० लिहिलेलं असायला हवं. घाई असेल तर एफ३प्रोब काही मिनिटांत अंदाज देतं, पण ते डिस्क रिकामी असतानाच चालवा.

एफ३चा निकाल जपून ठेवल्यावरच मी डिस्कची डबी उघडली. आधी उघडली असती तर "तुम्हीच उघडून बिघडवलीत" म्हणायला तो मोकळा होता. आत छोटं सर्किट, त्यावर मायक्रो एसडी कार्ड, आणि वजनासाठी चिकटवलेली धातूची पट्टी. ही युक्ती नवी नाही. २०११ मध्ये रशियातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात ५०० जीबी म्हणून विकलेली डिस्क आली होती, तिच्यात १२८ एमबीचा पेनड्राइव्ह आणि वजनाला नट निघाले. त्या गिऱ्हाइकाची तक्रार होती की चित्रपटाची फक्त शेवटची पाच मिनिटं दिसतात.

गंमत म्हणजे टीव्ही रेकॉर्डिंगला एसएसडीची गरजच नसते. चार एचडी वाहिन्या एकाच वेळी रेकॉर्ड केल्या तरी सेकंदाला ४ एमबी लिहावं लागतं. साधी हार्ड डिस्क १०० एमबीच्या वर लिहिते. "चार चॅनल एकदम, म्हणून एसएसडी" ही विक्रेत्याची ओळ कानाला गोड लागते, पण तिला काही अर्थ नाही.

मी नंतर साधी हार्ड डिस्क घेतली, आणि तिथेही डोळे उघडे ठेवावे लागतात. २०२५ च्या सुरुवातीला, वापरलेल्या सीगेट डिस्क चालू राहिल्याचे तास शून्यावर आणून नव्या म्हणून विकल्या जात असल्याचं उघडकीला आलं. स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवत असलेल्या वापराच्या, नोंदी पुसलेल्या होत्या, पण सीगेटच्या फार्म नावाच्या दुसऱ्या नोंदीत हजारो तास शिल्लक होते. स्मार्टमॉनटूल्स या फुकट सॉफ्टवेअरच्या ७.४ आणि पुढच्या आवृत्तीत ही नोंद वाचता येते. दोन्ही नोंदींतले तास जुळले पाहिजेत.

संचाबरोबर 'आजीवन सगळ्या वाहिन्या' अशी एक आयपीटीव्ही (इंटरनेटवरून येणाऱ्या वाहिन्यांची) यादीही भरून आली होती. पैसे भरून पाहायच्या वाहिन्या चोरून दाखवणारी ती यादी काही काळानं बंद पडली. पीसीवर मी लिनक्स कोरं बसवलं. परक्यानं बसवलेल्या सिस्टिममध्ये त्याचं एखादं खातं मागे राहिलेलं नाही याची खात्री कोण देणार?

तक्रार केल्यावर तोच गोड आवाज परत आला. "केस बंद करा सर, अर्धे पैसे लगेच पाठवतो." बंद केलेली केस त्या संकेतस्थळावर पुन्हा उघडता येत नाही, म्हणून मी नकार दिला. एफ३चा निकाल, शून्यांनी भरलेल्या फाइलीचं चित्र आणि उघडलेल्या डबीचे फोटो पाठवले. डिस्कचे पैसे परत मिळाले. ट्यूनरचे नाही. त्याची कबुली फोनवर दिलेली होती आणि संकेतस्थळाच्या चॅटमध्ये मात्र अँटेना, केबल, ॲम्प्लिफायर याखेरीज काही नव्हतं. तो संच आता वेगळ्या दुकानाच्या नावानं विक्रीला लागलाय. फोटो तेच आहेत, फक्त वर्णनात ४ टीबीच्या जागी ८ टीबी केलंय.