जुन्या सीडी, डीव्हीडी आणि पेन ड्राइव्हसाठी फ्रीबीएसडी १४ : नाशिकमधील वापरावरून परीक्षण

पंचवटीतील एका जुन्या फोटो स्टुडिओचा संग्रह हार्ड डिस्कवर उतरवण्याच्या कामासाठी मी फ्रीबीएसडी १४ ही युनिक्स घराण्यातील मोफत ऑपरेटिंग सिस्टीम वापरली. संग्रहात २००३ च्या सिंहस्थाच्या सीडी होत्या, २०१५ च्या सिंहस्थाच्या डीव्हीडी होत्या, मधल्या वर्षांतील लग्नसमारंभ होते आणि अलीकडची छायाचित्रे पेन ड्राइव्ह व मेमरी कार्डांवर होती. सीडी उघडली नाही तर ती का उघडली नाही, हे सांगणारी आणि सांगितल्याशिवाय माध्यमावर काहीही न लिहिणारी प्रणाली मला हवी होती. या दोन्ही अपेक्षा फ्रीबीएसडीने पूर्ण केल्या. मात्र स्टुडिओच्या काउंटरवर गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह घेऊन झटपट फोटो काढून देण्यासाठी मी तिची शिफारस करणार नाही.

यंत्र साधेच होते : एक जुना डेस्कटॉप, त्यात साटा जोडणीचा डीव्हीडी रायटर, आणि महात्मा गांधी रस्त्यावरून आणलेला यूएसबीचा बाहेरचा डीव्हीडी रायटर. वेगळा ड्रायव्हर शोधावा लागला नाही, कारण आवश्यक ते सर्व मूळ कर्नलमध्येच, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातच, असते. आतला ड्राइव्ह ‘सीडी०’ आणि बाहेरचा ‘सीडी१’ या नावाने दिसू लागला, तर पेन ड्राइव्ह ‘डीए०’ या नावाने. यूएसबी साठवण-उपकरणे मुळात स्कझी (साठवण-उपकरणांशी बोलण्याची जुनी प्रमाण पद्धत) आज्ञाच समजतात. ‘यूमास’ हा ड्रायव्हर त्या आज्ञा ‘कॅम’ या, साठवण-उपकरणे एकाच पद्धतीने हाताळणाऱ्या कर्नलमधील स्तराकडून घेऊन उपकरणापर्यंत पोहोचवतो. २०१२ मधील ९.० या आवृत्तीपासून साटा आणि जुन्या आयडीई जोडणीचे ड्राइव्हही याच स्तराखाली आले, त्यामुळे आतल्या आणि बाहेरच्या ड्राइव्हसाठी वेगवेगळ्या आज्ञा शिकाव्या लागत नाहीत. ‘कॅमकंट्रोल डेव्हलिस्ट’ ही आज्ञा दिली की जोडलेल्या सर्व उपकरणांची यादी मॉडेलसह समोर येते.

या रचनेचा खरा उपयोग बिघाडाच्या वेळी कळतो. चकतीचा काही भाग वाचता आला नाही तर प्रणालीच्या नोंदीत ‘मीडियम एरर’ असे स्पष्ट लिहिले जाते, म्हणजे दोष चकतीत असण्याची शक्यता जास्त. बाहेरचा ड्राइव्ह मात्र सुरुवातीला चकती फिरू लागताच नोंदीतून नाहीसा होई आणि पुन्हा प्रकट होई. हा चकतीचा दोष नव्हता. यूएसबी २.० च्या पोर्टला ५०० आणि ३.० च्या पोर्टला ९०० मिलिअँपिअरपर्यंत वीज देणे अपेक्षित असते, आणि चकतीला वेग देताना ड्राइव्हला लागणारी वीज काही क्षण वाढते. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टऐवजी मागच्या ३.० पोर्टला तो जोडल्यावर अडचण संपली. ‘डिस्क वाचता येत नाही’ एवढ्याच सूचनेवर थांबणाऱ्या प्रणालीत कदाचित चांगल्या चकत्याही खराब ठरवून बाजूला गेल्या असत्या.

सर्वाधिक समाधान ‘रिकव्हरडिस्क’ या आज्ञेने दिले. ती मूळ प्रणालीतच येते, वेगळी घ्यावी लागत नाही. चकतीची प्रत घेताना ती आधी मोठमोठे तुकडे वाचते. जो तुकडा वाचला जात नाही तो सोडून पुढे जाते आणि त्याची जागा यादीत टिपून ठेवते. चांगला भाग हाती आल्यानंतर ती सोडलेल्या भागांकडे परत वळते आणि अधिकाधिक लहान तुकड्यांनी प्रयत्न करत शेवटी एकेका सेक्टरपर्यंत, म्हणजे चकतीवर वाचता येणाऱ्या सर्वांत लहान भागापर्यंत, उतरते. डेटा सीडीवरील सेक्टर २०४८ बाइटचा असतो, म्हणजे एका छायाचित्राच्या मानाने अगदी लहान. ही यादी फाइलमध्ये जपून ठेवता येत असल्यामुळे एका ड्राइव्हला न जमलेले सेक्टर त्याच यादीवरून दुसऱ्या ड्राइव्हवर वाचून पाहता येतात. दोन ड्राइव्हच्या लेझरची नजर सारखी नसते. आतल्या ड्राइव्हने सोडलेले सिंहस्थाच्या सीडींवरील काही भाग बाहेरच्या स्वस्त ड्राइव्हने वाचून दिले.

स्टुडिओवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट मोलाची आहे. त्या काळी एकाच सीडीवर थोडे थोडे करून अनेक सत्रांत फोटो भरण्याची पद्धत होती, आणि नवे सत्र भरताना जुन्याशी जोडायचे राहिले तर आधीचे फोटो दिसेनासे होत. सीडी माउंट करताना, म्हणजे तिच्यावरील फाइली वापरण्यासाठी प्रणालीशी जोडताना, फ्रीबीएसडीही आपणहून शेवटचेच सत्र घेते, परंतु ‘माउंट_सीडी९६६०’ या आज्ञेला ‘-एस’ या पर्यायाने सुरुवातीचा सेक्टर सांगता येतो. तेथे शून्य दिल्याबरोबर पहिले सत्र उघडते, आणि ‘रिकामी’ म्हणून बाजूला टाकलेल्या चकतीतून एखाद्या कुटुंबाचे अख्खे लग्न परत मिळते.

मराठी नावांच्या बाबतीत मात्र सावध राहावे लागते. देवनागरीत नावे दिलेल्या फाइली पेन ड्राइव्हवर किंवा जोलिएट पद्धतीच्या (युनिकोडमधील लांब नावे ठेवणाऱ्या) सीडीवर असतील, तर वेगळी सूचना न देता माउंट केल्यास अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसतात आणि सारख्या लांबीची दोन नावे एकसारखीच होऊन बसतात. फॅट या नेहमीच्या फाइल पद्धतीच्या पेन ड्राइव्हसाठी ‘-एल’ पर्यायाने यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरे साठवण्याची पद्धत) लोकेल, म्हणजे भाषा-अक्षरांची मांडणी, आणि सीडीसाठी ‘-सी’ पर्यायाने यूटीएफ-८ सांगितले की नावे नीट वाचता येतात. ही सोय असूनही ती आपोआप लागू होत नाही, हे मराठी वापरकर्त्याच्या दृष्टीने उणे आहे. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधील लग्नपत्रिकांचा प्रश्न वेगळा. त्यांची फाइल सुखरूप उतरली तरी मजकूर वाचण्यासाठी तो फॉन्ट लागतोच.

रोजच्या सोयीत ही प्रणाली मागे पडते. मूळ मांडणीत माउंट करण्याचा अधिकार फक्त रूटला, म्हणजे प्रणालीच्या मुख्य प्रशासक खात्याला, असतो. सामान्य वापरकर्त्याला तो द्यायचा तर ‘व्हीएफएस.यूजरमाउंट’ या सेटिंगची किंमत १ करावी लागते, उपकरणाच्या फाइलवर परवानगी द्यावी लागते आणि माउंटची जागा त्याच वापरकर्त्याच्या मालकीची असावी लागते. १०.२ या आवृत्तीपासून ‘ऑटोएफएस’च्या साहाय्याने माध्यमे आपोआप माउंट होऊ शकतात, पण त्यासाठीही दोन-तीन फाइलींत हाताने ओळी घालाव्या लागतात. जपणुकीच्या कामात हा अडसर मला हवाहवासा वाटला, कारण माझ्या आज्ञेशिवाय कोणत्याही कार्डाला धक्का लागत नव्हता. कामाच्या घाईत असलेल्या माणसाला तो जाचेल.

डीव्हीडीवरील यूडीएफ फाइल सिस्टीम (फाइली मांडून ठेवण्याची पद्धत) येथे फक्त वाचता येते. नवी चकती लिहायची तर ‘सीडीरेकॉर्ड’ किंवा ‘ग्रोआयसोएफएस’ ही साधने पॅकेज संग्रहातून घ्यावी लागतात; ती व्यवस्थित चालतात.

नव्याने सुरुवात करणाऱ्या छायाचित्रकाराने इंटरनेट हाताशी असतानाच एक्सफॅट आणि एनटीएफएस या फाइल सिस्टीमची फ्यूज पॅकेजे (कर्नलबाहेरून फाइल सिस्टीम चालवणारी साधने) बसवून घ्यावीत. ३२ जीबीपेक्षा मोठी एसडी कार्डे एक्सफॅटमध्येच तयार होऊन येतात, गिऱ्हाइकांच्या बाहेरच्या हार्ड डिस्क बहुधा एनटीएफएसमध्ये असतात, आणि या दोहोंपैकी एकही मूळ फ्रीबीएसडीला या पॅकेजांशिवाय उघडता येत नाही.